मे महिन्याची मौज आणि मृगाचा खर्च

पत्राचा आशय: मी २४ वर्षांची असून नांदेडमधील एका खासगी रुग्णालयाच्या लेखा विभागात नोकरी करते. दर महिन्याच्या एक तारखेला २९,००० रुपये पगार हातात येतो. त्यातून ९,००० रुपये घरी देते, माझा स्वतःचा खर्च ७,५०० रुपये आहे, टपाल कार्यालयातील आवर्ती ठेवीचा हप्ता ३,००० आणि म्युच्युअल फंडातील दरमहाची गुंतवणूक (एसआयपी) २,००० रुपये. उरलेले ७,५०० रुपये बचत खात्यात राहतात. तेथे सध्या २१,००० रुपये आहेत. बँकेत साडेसहा टक्के व्याजाची ८०,००० रुपयांची एक वर्षाची मुदत ठेव असून ती ऑगस्टमध्ये पूर्ण होईल. आवर्ती ठेवीचे २२ हप्ते भरून झाले आहेत.

या एप्रिल-मेमध्ये मला मनसोक्त फिरायचे आहे. वानखेडेवर मुंबई इंडियन्सचे दोन सामने (२२,००० रुपये), मेच्या मध्यात नवी मुंबईत माझ्या आवडत्या बँडचा कार्यक्रम (१५,०००), मैत्रिणींबरोबर कोकण (१४,०००), खोपोलीजवळच्या मनोरंजन उद्यानात एक दिवस (४,०००), जर्सी, बँडचे अल्बम व त्यांत निघणारी कलाकारांची फोटोकार्ड इत्यादी (९,०००) आणि किरकोळ ४,००० असा एकूण ६८,००० रुपयांचा अंदाज आहे. एक मैत्रीण म्हणते, ठेव मोडू नको, ४०,००० रुपये क्रेडिट कार्डावर टाक आणि सावकाश फेड. बाबांच्या मते ही निव्वळ उधळपट्टी आहे. जूनमध्ये धाकट्या भावाच्या अकरावीच्या शिकवणीचे २५,००० रुपये भरण्याचे मी कबूल केले आहे आणि पेरणीसाठी बाबांना दरवर्षीप्रमाणे १५,००० रुपये द्यावे लागतील. सोयाबीन विकल्यावर ते परत करतात. ठेव मोडावी, आवर्ती ठेव मोडावी की कार्ड वापरावे?

उत्तर:

सप्रेम नमस्कार. बाबांचा आणि तुमचा वाद मी सोडवणार नाही, कारण त्याचे उत्तर आकडेमोडीत सापडत नाही. एवढे मात्र नोंदवतो की, आपल्याकडे लग्नसराईत एका घरच्या आहेरावर आणि कपड्यांवर होणाऱ्या खर्चाला कोणी उधळपट्टी म्हणत नाही आणि स्वतः कमावणाऱ्या मुलीने सामना पाहण्यासाठी तिकीट काढले की लगेच हिशेब मागितला जातो. तुम्ही घरी नियमित पैसे देता, हप्ते चुकवत नाही, भावाची जबाबदारी आपण होऊन घेतली आहे. अशा व्यक्तीने दोन महिने हौस करायची ठरवली, तर त्यात आर्थिकदृष्ट्या आक्षेपार्ह काही नाही. माझा आक्षेप वेगळ्याच ठिकाणी आहे. तुमच्या पत्रात मे महिन्याचा खर्च एका परिच्छेदात आहे आणि जूनचा खर्च शेवटी, जाता जाता आलेला आहे. हे दोन खर्च एकाच खिशातून जाणार असल्यामुळे त्यांचा हिशेब एकत्रच मांडला पाहिजे.

मराठवाड्यातील शेतकरी कुटुंबांत पैशाचे वर्ष मृगापासून सुरू होते, हे तुम्हाला मी सांगण्याची गरज नाही. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात बियाणे, खत, मशागतीचे भाडे या सगळ्याला रोख पैसा लागतो आणि नेमक्या त्याच दिवसांत शाळा, महाविद्यालये आणि शिकवण्यांचे शुल्क भरावे लागते. नांदेड आणि लातूर ही दोन्ही शहरे शिकवणीवर्गांसाठी प्रसिद्ध असल्यामुळे तेथील घरांमध्ये हा भार आणखी जाणवतो. पाऊस लांबला तर दुबार पेरणीचा प्रश्न उभा राहतो आणि मग पंधरा हजारांचे वीस-पंचवीस हजार होतात. म्हणून मी हिशेबाची सुरुवात जूनपासून करतो आणि मागे एप्रिलकडे येतो.

जूनच्या मध्यापर्यंत तुम्हाला ४०,००० रुपये द्यायचे आहेत. आजचे २१,००० आणि एप्रिल, मे व जूनच्या एक तारखेच्या पगारातून उरणारे प्रत्येकी ७,५०० म्हणजे २२,५०० असे मिळून ४३,५०० रुपये तुमच्याकडे जमतील. याचा अर्थ असा की, ठेवीला हात न लावता आणि कर्ज न काढता उन्हाळ्यासाठी तुमच्याकडे केवळ ३,५०० रुपये आहेत. हा आकडा निराश करणारा आहे, पण तो आधी पाहून घेणे आवश्यक होते, कारण ६८,००० रुपयांचा बेत करताना तो तुमच्यासमोर नव्हता असे पत्रावरून दिसते.

आता ठेवीकडे वळू. तुमचा स्वतःचा आणि घरी देण्याचा खर्च मिळून महिन्याला १६,५०० रुपये होतो. नोकरी खासगी आहे, त्यामुळे किमान तीन महिन्यांचा खर्च, म्हणजे सुमारे ५०,००० रुपये, कोणत्याही परिस्थितीत हाताशी असले पाहिजेत. ८०,००० रुपयांच्या ठेवीपैकी ५०,००० ही तुमची आपत्कालीन शिल्लक आहे असे समजा. राहिलेले ३०,००० रुपये खऱ्या अर्थाने मोकळे आहेत आणि ते वापरण्यास माझी हरकत नाही. ३०,००० आणि वरचे ३,५०० मिळून ३३,५०० होतात. तुमच्या उन्हाळ्याची मर्यादा ३३,००० रुपये आहे, ६८,००० नव्हे. बाबा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परत करतील ते १५,००० मी या हिशेबात मुद्दामच धरलेले नाहीत. त्यांच्या शब्दावर मला शंका नाही, परंतु सोयाबीनचा भाव आणि परतीचा पाऊस त्यांच्या हातात नाही.

आवर्ती ठेव मोडण्याचा पर्याय तुमच्यापुढे आज नाहीच. टपाल खात्याची आवर्ती ठेव पाच वर्षांची असते, ती तीन वर्षे पूर्ण होण्यापूर्वी बंद करता येत नाही आणि त्यानंतर मुदतीपूर्वी बंद केली तरी बचत खात्याच्या दराने, म्हणजे चार टक्क्यांनी व्याज मिळते. १२ हप्ते भरल्यानंतर जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळते आणि त्यावर ठेवीच्या दरापेक्षा दोन टक्के जास्त व्याज लागते. तुमचे ६६,००० रुपये जमा आहेत, तेव्हा ३३,००० पर्यंतचे कर्ज मिळू शकेल. ही सोय लक्षात ठेवा, पण ती घरात आजारपण आले किंवा दुबार पेरणीची वेळ आली तर वापरण्यासाठी. दोन महिने हप्ता थांबवून पैसे वाचवावेत असेही मनात येईल. हप्ता चुकल्यास दर १०० रुपयांमागे महिन्याला एक रुपया दंड आहे, म्हणजे तुमच्या हप्त्याला ३० रुपये. दंड किरकोळ आहे, परंतु लागोपाठ चारपेक्षा जास्त हप्ते चुकले की खाते खंडित होते आणि सवय मोडते ती वेगळीच. हप्ता आणि एसआयपी दोन्ही चालू ठेवावेत.

मैत्रिणीच्या सल्ल्याविषयी सविस्तर लिहितो, कारण तो वरवर शहाणपणाचा वाटतो आणि तुमच्या वयाची बरीच मुले-मुली तोच मार्ग धरतात. ठेवीवर साडेसहा टक्के मिळतात, मग ती का मोडायची, हा तिचा युक्तिवाद. आता दुसरी बाजू पाहा. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर साधारणतः महिन्याला साडेतीन टक्के व्याज आकारले जाते आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे प्रत्यक्ष भार महिन्याला चार टक्क्यांहून थोडा अधिक होतो. ४०,००० रुपयांच्या थकबाकीवर पहिल्याच महिन्याचे व्याज करासह सुमारे १,६५० रुपये होईल. तुम्ही दरमहा उरणारे सर्वच्या सर्व ७,५०० रुपये फेडीसाठी दिलेत, तरी सातव्या महिन्यात खाते निरंक होईल आणि तोपर्यंत एकूण ६,००० रुपयांहून थोडे अधिक व्याज गेलेले असेल. त्याच सात महिन्यांत ठेवीतील ४०,००० रुपयांवर सुमारे १,५०० रुपये मिळतील. शिवाय जूनमध्ये तुमचे ७,५०० रुपये भावाच्या शुल्कासाठी लागणार आहेत, ते कार्डाकडे वळवणार कसे? मग फक्त किमान देय रक्कम भरली जाईल आणि ही फेड पुढच्या उन्हाळ्यापर्यंत लांबेल. आणखी एक गोष्ट कार्ड देताना कोणी ठळकपणे सांगत नाही: मागची थकबाकी पूर्ण भरलेली नसेल, तर नव्या खरेदीवर मिळणारी बिनव्याजी दिवसांची सवलत राहत नाही. म्हणजे जुलैमध्ये त्याच कार्डावर औषधे किंवा किराणा घेतला, तरी त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज लागते. विनाव्याज हप्त्यांच्या जाहिरातींनाही भुलू नका. त्यात प्रक्रिया शुल्क असते, व्याजावरचा जीएसटी असतो आणि पुष्कळदा रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सूट हप्ते घेणाऱ्याला मिळत नाही.

मोबाइलवर पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या ॲपचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही, हे बरे आहे. तरीही कार्यक्रमाच्या तिकीटविक्रीच्या दिवशी अशा जाहिराती समोर येतातच. कर्ज देणारी संस्था रिझर्व्ह बँकेकडे नोंदणीकृत आहे का, हे पाहावे. तुमच्या फोनमधील संपर्कयादीची परवानगी मागणारे ॲप रिझर्व्ह बँकेचे नियम पाळत नाही, एवढी एक खूण पुरेशी आहे.

मग ३०,००० रुपये कसे उभे करायचे? येथे तुमची परिस्थिती तुम्हाला वाटते त्यापेक्षा बरी आहे. मे अखेरपर्यंत तुमच्या बचत खात्यात २१,००० आणि दोन पगारांतील १५,००० असे ३६,००० रुपये असतील. त्यातून ३३,००० खर्च झाले, तर ३१ मे रोजी ३,००० रुपये शिल्लक राहतील आणि एक जूनला त्यांत ७,५०० ची भर पडेल. ४०,००० पैकी साधारण १०,००० तेथून निघतील. उरलेले ३०,००० ठेवीतून आणायचे आहेत, पण तेही जूनमध्ये, एप्रिलमध्ये नव्हे. तोपर्यंत ठेवीचे दहा महिने झालेले असतील. त्या वेळी ती मोडली, तर बँक दहा महिन्यांसाठी लागू असलेला दर धरते आणि बहुतेक बँका त्यातून अर्धा ते एक टक्का दंड म्हणून कापतात. दंडासह दर पाच टक्क्यांपर्यंत खाली आला असे धरले, तर नुकसान सुमारे १,००० रुपयांचे होईल. याऐवजी ठेवीच्या तारणावर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ठेव न मोडता बँकेकडून तात्पुरती उचल, घ्यावा. तो ठेवीच्या दरापेक्षा एक ते दोन टक्के जास्त दराने मिळतो. आठ टक्क्यांनी ३०,००० रुपये दोन महिने वापरले, तर व्याज ४०० रुपये होते. ऑगस्टमध्ये ठेव पूर्ण झाली की, मूळ रक्कम आणि सुमारे ५,२०० रुपये व्याज मिळेल. त्यातून ओव्हरड्राफ्ट फेडून ५०,००० रुपयांची नवी ठेव त्याच दिवशी करावी. मात्र ही सोय तुमच्या शाखेत आहे का, शुल्क किती आहे आणि अर्जापासून किती दिवसांत रक्कम हाती येते, याची चौकशी एप्रिलमध्येच करून ठेवा. जूनच्या पहिल्या आठवड्यात पीककर्जाच्या गर्दीत ही चौकशी करण्याची वेळ येऊ नये. सोय नसेल किंवा शुल्क जास्त असेल, तर सरळ ठेव मोडून ५०,००० पुन्हा गुंतवावेत. हजार रुपयांचे नुकसान कार्डाच्या सहा हजारांपुढे काहीच नाही.

आता ३३,००० रुपयांत काय बसवायचे, याकडे येऊ. निवड तुमची आहे, पण तुमचे पत्र वाचताना मला एक गोष्ट दिसली. बँडविषयी तुम्ही मनापासून, पुष्कळ लिहिले आहे. मुंबई इंडियन्सचे सामने भावाबरोबर शाळेच्या वयापासून पाहत असल्याचेही लिहिले आहे. कोकणाविषयी मात्र एकच वाक्य आहे आणि त्यात 'सगळ्या जात आहेत म्हणून' असे शब्द आहेत. त्या १४,००० रुपयांना कात्री लावली, तर तुम्हाला वाईट कमी आणि सुटका जास्त वाटेल, असा माझा अंदाज आहे. खोपोलीच्या उद्यानाचेही तेच. ते वर्षभर सुरू असते, या उन्हाळ्यातच गेले पाहिजे असे नाही.

सामन्यांच्या बाबतीत तुमचा अंदाजच पुन्हा वाचा. दोन सामन्यांचे २२,००० रुपये, त्यांतील तिकिटांचे फक्त ७,०००. बाकीचे १५,००० रुपये गाडी, लॉज आणि जेवण यांवर जातात. म्हणजे ज्यासाठी जीव तुटतो त्यावर तिसरा हिस्सा आणि दोन तृतीयांश रक्कम तेथवर पोहोचण्यावर. त्या ३,५०० रुपयांच्या तिकिटातही मूळ किंमत २,५०० आणि कर १,००० आहे, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून आयपीएलच्या तिकिटांवरील जीएसटी २८ वरून ४० टक्के झाला आहे. त्याला इलाज नाही. अंतराला मात्र आहे. नांदेडकरांना मुंबईच्या निम्म्याहून कमी अंतरावर, पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास, हैदराबाद आहे आणि उप्पलच्या राजीव गांधी स्टेडियमवर सनरायझर्सचे घरचे सामने होतात. मुंबईचा संघ तेथे खेळायला आला, तर तुम्हाला तेच खेळाडू कमी खर्चात पाहता येतील. अडचण एवढीच की, दहा संघांच्या स्पर्धेत प्रत्येक संघ साखळीत १४ सामने खेळतो, काही संघांशी दोनदा आणि काहींशी एकदाच, त्यामुळे दर हंगामात मुंबईचा संघ उप्पलला येईलच असे नाही. वेळापत्रक पाहून ठरवा. तेथे जमले, तर ३,५०० तिकीट, १,२०० प्रवास आणि २,३०० निवास-जेवण असे ७,००० रुपयांत काम होईल. वानखेडेवरच पाहायचे असेल, तर एकच सामना ११,००० रुपयांना पडेल आणि मग बाकीच्या कलमांतून चार हजार कमी करावे लागतील. वानखेडेचा माहोल वेगळा, निळ्या जर्सीतल्या गर्दीतून चर्चगेट स्थानकावरून चालत जाण्याची मजा वेगळी, हे मला मान्य आहे. त्याची किंमत चार हजार रुपये आहे, एवढेच लक्षात असू द्या.

प्रवासाविषयी थोडे. रेल्वेचे आगाऊ आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी सुरू होते. मेमधील देवगिरी, नंदिग्राम किंवा तपोवनचे तिकीट शेवटच्या आठवड्यात मिळत नाही, हे तुम्ही जाणताच. ऑनलाइन काढलेले प्रतीक्षा यादीतील तिकीट निश्चित झाले नाही, तर आपोआप रद्द होते आणि मग ऐन वेळी खासगी ट्रॅव्हल्सवाला मागेल ते भाडे द्यावे लागते. हा खर्च तुमच्या अंदाजात कोठेही नाही. निश्चित झालेले तत्काळ तिकीट रद्द केल्यास परतावा मिळत नाही, हेही ध्यानात ठेवावे. ऑगस्ट २०२५ पासून वंदे भारत नांदेडहून मुंबईला जाते, ती सोयीची आहे पण भाडे जास्त आहे. एसटीमध्ये महिलांना मार्च २०२३ पासून तिकिटात ५० टक्के सवलत आहे. ती राज्याच्या हद्दीपुरती लागू असते, तेव्हा हैदराबादच्या गाडीत संपूर्ण तिकीट निम्मे होईल अशी अपेक्षा ठेवू नये.

बँडच्या कार्यक्रमाला मी १३,००० रुपये धरतो: तिकीट ८,५००, प्रवास ३,००० आणि नेरूळ किंवा वाशी परिसरात मैत्रिणींबरोबर वाटून घेतलेल्या खोलीचे १,५००. कल्याणला मावशी आहे असे तुम्ही लिहिले आहे. जाताना तेथे उतरावे, परंतु मध्यरात्री कार्यक्रम सुटल्यावर ठाण्यामार्गे कल्याण गाठण्याचा विचार पंधराशे रुपयांसाठी करू नये. तिकीट केवळ अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावे. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचे कार्यक्रम झाले, तेव्हा तिकिटे मूळ किमतीच्या अनेक पट दराने विकली जात होती आणि बनावट तिकिटांचाही सुळसुळाट होता. इन्स्टाग्राम किंवा टेलिग्रामवर 'जास्तीचे एक तिकीट आहे, अर्धे पैसे आता पाठवा' असा निरोप आला, तर तो फसवणुकीचाच समजावा. चुकून पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम रोखली जाण्याची शक्यता अधिक.

जर्सी, अल्बम आणि फोटोकार्ड यांसाठी ९,००० ऐवजी ४,००० रुपये ठेवा. फोटोकार्डाच्या बाबतीत हाताला आवर घालणे कठीण असते, कारण सीलबंद अल्बममध्ये कोणते कार्ड निघेल हे आधी कळत नाही आणि हवे ते कार्ड मिळेपर्यंत तोच अल्बम पुन्हा घेतला जातो. हवे असलेले कार्ड ओळखीच्या चाहतीकडून बदलून किंवा विकत घेणे बहुधा स्वस्त पडते. अनेक चाहत्यांनी मिळून परदेशातून मागवलेल्या ग्रुप ऑर्डरमध्ये सीमाशुल्क आणि कुरिअरचा दुसरा हप्ता नंतर भरावा लागतो. तो जूनमध्ये येणार असेल, तर ऑर्डरमध्ये नावच देऊ नका.

राहिले जवळचे फिरणे. त्यासाठी ४,००० रुपये ठेवले आहेत. मेमध्ये सहस्रकुंडला धबधबा पाहायला जाण्यात अर्थ नाही. वेरूळ आणि दौलताबाद दोन दिवसांत होतात. वेरूळच्या लेण्यांचे तिकीट ४० रुपये आहे, लेणी मंगळवारी बंद असतात आणि उन्हाचा पारा चाळिशीच्या वर गेलेला असल्यामुळे कैलास लेणे सकाळीच पाहावे. सामना ७,०००, कार्यक्रम १३,०००, चाहतेपणाची खरेदी ४,००० आणि हे ४,००० मिळून २८,००० होतात. ५,००० रुपये राखीव राहतात. भावाला सामन्याला नेण्याची इच्छा तुम्ही एका ओळीत व्यक्त केली आहे. हैदराबादच्या बेतात त्याचे तिकीट आणि प्रवास मिळून ४,७०० रुपये होतील आणि ते या राखीव रकमेत बसतात. मात्र मग हाताशी काही राहत नाही, म्हणून त्या स्थितीत खरेदी ४,००० वरून २,००० वर आणावी.

एक बाब तुम्ही ताजा कलम म्हणून लिहिली आहे आणि मला ती सगळ्यांत जोखमीची वाटते. पाच मैत्रिणींपैकी क्रेडिट कार्ड फक्त तुमच्याकडे आहे आणि विक्री सुरू होताच पाचही तिकिटे तुमच्या कार्डावर काढायचे ठरले आहे. पाच तिकिटांचे ४२,५०० रुपये होतात आणि तुमच्या कार्डाची मर्यादा ६०,००० आहे. एका दिवसात मर्यादेच्या ७० टक्के रक्कम वापरली जाईल. ती थकबाकी विवरणपत्रात दिसली, तर त्या काळापुरता तुमच्या सिबिल गुणांवर, म्हणजे कर्ज देताना बँका पाहतात त्या पतगुणांवर, परिणाम होऊ शकतो. पण खरी चिंता गुणांची नाही. चौघींपैकी दोघींचे पैसे 'पगार झाला की देते' म्हणून अडकले, तर १७,००० रुपये तुमच्या अंगावर येतील, तेही देय तारीख मे-जूनमध्ये असताना. मैत्रिणींकडे पैसे मागायला संकोच वाटतो आणि बँकेला तो संकोच कळत नाही. त्यामुळे विक्रीच्या आदल्या दिवशीपर्यंत जिचे ८,५०० रुपये यूपीआयने तुमच्या खात्यात आले असतील, तिचेच तिकीट काढायचे, असे गटात आजच लिहून टाका. पैसे जमा झाले की, विवरणपत्राची वाट न पाहता ते लगेच कार्डाच्या खात्यात भरावेत. तिकीट मिळाले नाही, तर प्रत्येकीची रक्कम त्याच दिवशी परत करावी. कोणी ऐन वेळी रद्द केले, तर नुकसान कोणाचे, हेही त्याच संदेशात स्पष्ट करावे: तिकीट जिच्या नावाने मागितले, तिचे.